बाप्तिस्म्यानंतरची गोष्ट

माझे पणजोबा ख्रिस्ती कसे झाले, असं कुणी विचारलं की आजोबा पणजोबांचंच वाक्य सांगायचे, ‘पोटापायी गेलो. खोटं कशापायी बोलू?’

ऐकणारा जरा चपापायचा. चर्चमधली माणसं तर अस्वस्थच व्हायची. साक्ष द्यायची म्हणजे दर्शन, स्वप्न, निदान एखादा मोठा आजार आणि त्यातून झालेली सुटका, असं काहीतरी असावं, अशी त्यांची अपेक्षा. आजोबा शांतपणे पुढे म्हणायचे, ‘हे झालं बाप्तिस्म्याचं. त्याच्यानंतरचं ऐकायचं असेल तर बसा.’ ते आयुष्यभर शाळामास्तर होते. धडा अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे.

नेवासा-राहुरीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला येऊन राहिले. आजचं अहिल्यानगर ते हेच. तिथून शाळा, दवाखाने, छोट्या छोट्या मंडळ्या आसपासच्या खेड्यांत पोचल्या. १८७६ ते ७८चा दुष्काळ आणि त्यानंतर १८९९-१९०० चा, या दोन्ही वेळी महारवाड्यांतली माणसं मोठ्या संख्येने बाप्तिस्म्याला पुढे आली. दुष्काळात आलेल्यांना लगेच बाप्तिस्मा द्यावा की थांबायला सांगावं, याबद्दल मिशनऱ्यांमध्येही एकमत नव्हतं. पणजोबा दुसऱ्या दुष्काळातले. विशीतला, नुकता लग्न झालेला माणूस. धान्य मिळालं, खडी फोडायचं काम मिळालं, नाव नोंदलं गेलं. तारीख घरात कुणालाच माहीत नाही.

या प्रामाणिकपणाची लाज वाटण्याचं मला कधी कारण दिसलं नाही. उलट बाजूचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. अफाट व्यासंग, संस्कृतावर प्रभुत्व, पोटाचा प्रश्न म्हणून नव्हे तर पूर्ण विचाराने त्यांनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. घेतल्यावरही गप्प बसल्या नाहीत. चर्च सांगतं म्हणून एखादा सिद्धान्त मानायला त्या तयार नव्हत्या आणि ज्या भगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या, त्यांच्याशी पत्रांतून सडेतोड वाद घालत होत्या. आणि याच रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिताना कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. हे उमगलं तेव्हा त्यांचं शारदा सदन सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं पुढचं. म्हणजे बुद्धीने आलेल्यालाही नंतर चालावंच लागतं आणि भुकेने आलेल्यालाही. दाराशी कुठल्या वाटेने आलो, यावरून आतली वाढ ठरत नाही.

पणजोबांची ती वाढ कधी सुरू झाली, हे आजोबांना नेमकं ठाऊक होतं, कारण ते तिथे हजर होते.

बाप्तिस्म्यानंतरही पणजोबांची येसकरकी सुटलेली नव्हती. वतनाची पाळी आली की वेशीवर जागायचं, सरकारी टपाल पोचवायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्याच्या बदल्यात बलुतं आणि रोज संध्याकाळी घरोघर फिरून मागायची भाकरी. रविवारी सकाळी चर्चमध्ये बसणारा माणूस संध्याकाळी पाटलाच्या दाराशी काठी टेकवून ‘जोहार मायबाप’ म्हणायचा. यात काही विसंगत आहे असं त्यांना किंवा कुणालाच वाटत नव्हतं. मिशननेही तशी अट घातली नव्हती.

एकदा ते लहानग्या आजोबांना बरोबर घेऊन निघाले. पाच-सहा वर्षांचं पोर. पहिल्या दोन घरी बापाने हाक दिली. तिसऱ्या घरी बाप तोंड उघडायच्या आत पोरानेच तोच हेल काढून हाक दिली, अंगाने थोडं वाकलं आणि अंगरख्याचा सोगा पुढे पसरला. कुणी शिकवलं नव्हतं, बघून आलं होतं. घरातली बाई कौतुकाने हसली आणि तिने वरून भाकरीचा चतकोर टाकला.

आजोबा सांगायचे, ‘मला वाटलं, आता बाबा शाबासकी देतील. बाबा काही बोललेच नाहीत. त्यांनी माझा सोगा धरून सरळ केला, चतकोर ओट्यावर ठेवला आणि मला घेऊन माघारी वळले. पुढची घरं राहिली ती राहिलीच. त्या रात्री आम्ही उपाशी झोपलो. आईने बाबांना खूप बोलून घेतलं.’

पणजीचं बोलणं चुकीचं नव्हतं. वतन सोडलं तर गाव बोलायचं थांबणार, पाण्याचे हाल वाढणार, हाडोळ्याच्या जमिनीचा तुकडा जाणार. महारवतन कायद्याने रद्द करायला सरकारला १९५८ साल उजाडलं. पणजोबांनी स्वतःपुरतं ते त्या संध्याकाळी केलं. पुढे भंडारदऱ्याच्या धरणाची आणि प्रवरेच्या कालव्यांची कामं निघाली, तिथे ते वर्षानुवर्षं राबले. दिवसा माती उपसायची आणि रात्री कंदिलाखाली मास्तरकडून अक्षरं गिरवायची. तिशी उलटल्यावर ते मार्काचं शुभवर्तमान बोट ठेवून वाचायला शिकले. ‘आमचे बाबा ख्रिस्ती झाले ते तेव्हा,’ असं आजोबा ठामपणे म्हणायचे. चर्चच्या वहीत काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं मनगटाच्या जोरावर मिळवलेलं पुण्य वाटेल. आमच्या घरातलं कुणीही असं मानत नव्हतं. तारण कृपेनेच, यावर पणजोबांपासून सगळे ठाम. पण कृपा आणि निवड यांचं भांडण त्यांनी कधी लावलंच नाही. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच श्वासात सांगतो की तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही उत्पन्न करणारा देवच आहे. विद्वानांनी या दोन वाक्यांवर ग्रंथ लिहिले. आजोबांना मी एकदा या दोन्हींचा मेळ कसा घालायचा म्हणून विचारलं. ते म्हणाले, ‘त्या संध्याकाळी माझा सोगा सरळ करायची बुद्धी बाबांना देवाने दिली. माघारी मात्र बाबाच चालले.’

पणजीची कथा वेगळी आणि माझ्या मते जास्त अवघड. नवऱ्याला गावाशी झुंजायचं होतं, तिला आपल्याच माणसांशी.

आमच्या मंडळीत सगळे एकाच वाड्यातले होते. काही वर्षांनी मांगवाड्यातलं एक कुटुंब बाप्तिस्म्याला आलं. पाळकांनी विधी केला, टाळ्या वाजल्या, कुणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती प्रभुभोजनाच्या रविवारी. त्या काळी मनुका भिजवून काढलेला रस एका पितळी पेल्यात असायचा आणि तो ओळीने हातोहात जायचा. बायकांच्या बाजूला ती नवी बाई नेमकी पणजीच्या अलीकडे बसली होती. पेला यायच्या आधीच मागच्या दोन ओळी उठून बाहेर गेल्या. कुणाचं पोर रडत होतं, कुणाला चक्कर येत होती. पणजी बसून राहिली. त्या बाईने एक घोट घेतला आणि पेला तिच्या हातात दिला. पेल्याच्या कडेवर ओठांचा ओला ठसा होता. पणजीने पदर उचलला नाही, पेला फिरवून कोरडी बाजू पुढे घेतली नाही. जिथून त्या बाईने घेतला होता तिथूनच तिने घोट घेतला.

आजीला हे स्वतः पणजीनेच सांगितलं होतं, आणि पेला न फिरवल्याचं तर पुन्हा पुन्हा. ‘हात आपोआप फिरवायला लागला होता गं. मीच धरला.’

त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्याच वाड्यातल्या बायका तिच्याशी नीट बोलल्या नाहीत. तिच्या नणंदेच्या सोयरिकीत अडथळा आला. ज्यांच्या सावलीचा गाव विटाळ मानत होतं त्यांनीच दुसऱ्याचा विटाळ मानावा, आणि तोही ख्रिस्ताच्या मेजाशी, हे लिहिताना मला आजही त्रास होतो. जात चर्चच्या दारातून आत आली, हे आपण लपवू नये. ती आजही काही ठिकाणी सोयरिकी जुळवताना डोकं वर काढते.

आजीकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची जुनी प्रत होती, वाचून वाचून शिवण सुटलेली. तिला त्यातला बाप्तिस्म्याचा भाग फार महत्त्वाचा वाटत नसे. त्याआधीचाच वाटे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, त्या आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नाशी त्या स्वतःच्या मनाशी झगडल्या, उत्तर सापडलं तसं सोवळं सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आजी म्हणायची, ‘तिने आधी आत सोडलं, मग बाहेर. आपल्यातले पुष्कळजण बाहेर सोडतात आणि आत ठेवतात.’ पणजीला अक्षर येत नव्हतं. लक्ष्मीबाई ब्राह्मणाच्या घरातल्या. पण सुनेच्या मनात त्या दोघी शेजारी बसायच्या.

टिळकांबद्दल आजोबांना भक्तीच होती. त्यांची पदं आमच्या ‘उपासना संगीता’त इतकी आहेत की रविवार त्यांच्याशिवाय जाऊच शकत नाही. पण आजोबा सांगायचे ते १९१७ बद्दल. वय पंचावन्न, प्रकृती तोळामासा, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचं संपादन, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. अशा वेळी टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दीड-दोन वर्षांचाच तो अवधी, आणि संस्था म्हणून दरबार फार टिकला नाही. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. ‘बावीस वर्षं देवाचं काम पगारावर केलं. मग एक दिवस स्वतःला विचारलं, पगार नसता तर केलं असतं का? उत्तर द्यायला बाहेर पडले,’ असं ते म्हणायचे. हा अर्थ आजोबांचा. टिळकांच्या मनात नेमकं काय होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. पण मिशनच्या पगारावर मास्तरकी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न छळणं मी समजू शकतो.

आमच्या घरात त्या प्रश्नाला आजीने दिलेलं उत्तर म्हणजे मूठ. स्वयंपाकाला पीठ काढण्याआधी मूठभर बाजरी किंवा ज्वारी शिंकाळ्याखालच्या गाडग्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी सगळ्या घरांची गाडगी एकत्र करून पाळकांच्या घरी पोचवायची. परदेशी पैसा आटत गेला, मिशनरी परतले, तेव्हा आमची मंडळी या मुठींवर उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात घरात मिलो ज्वारी खाल्ली जात होती. तेव्हाही आजीने मूठ मोडली नाही. मिलोचीच टाकली.

आता ज्या गोष्टीबद्दल आमच्याकडे अजूनही आवाज खाली करून बोलतात ती सांगतो.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असं त्यात होतं. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे जातीचे चटके तेच, वाडा तोच, पण दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं की सवलत गेली. अनेक घरांनी घरात एक आणि कागदावर एक, अशी सोय करून घेतली. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्या घरांचं उत्पन्न विचारावं.

आजोबा शाळामास्तर, म्हणजे दाखलखारिजाचं रजिस्टर त्यांच्याच हातात. माझ्या वडिलांचं आणि चुलतकाकांचं नाव त्यांनी एकाच दिवशी घातलं. वडिलांच्या नावापुढे त्यांनी ‘ख्रिस्ती’ लिहिलं. मग त्यांचा धाकटा भाऊ पुढे आला आणि म्हणाला, ‘दादा, माझ्या पोराचं हिंदू महार लिव्ह.’ आजोबांनी टाक खाली ठेवला. दोघं भाऊ पडवीत जाऊन बोलले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही. परत येऊन आजोबांनी भावाने सांगितलं तसं लिहिलं.

चुलतकाका शिष्यवृत्तीवर शिकले, सरकारी नोकरीत चढत गेले. वडिलांना फी भरता आली नाही म्हणून कॉलेज सोडावं लागलं आणि ते कंपाउंडर झाले. एकदा रागाच्या भरात ते आजोबांना म्हणाले, ‘निवड तुमची होती, किंमत मी दिली.’ मी तेव्हा तिथेच अभ्यास करत होतो. आजोबांनी प्रतिवाद केला नाही. ‘खरं आहे,’ एवढंच म्हणाले. एका माणसाने देवापाशी केलेल्या निवडीचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं, ही या विषयातली सगळ्यात कडू बाजू आहे. प्रवचनांत ती ऐकायला मिळत नाही. आजोबांनी ती मान्य केली, हे मला त्यांच्या निवडीइतकंच मोठं वाटतं.

वडिलांना सज्ञान झाल्यावर नोंद बदलून घेण्याची वाट होती, निदान माझ्या वेळी तरी होती. माझा शाळेचा फॉर्म त्यांनी ओट्यावर बसून भरला. त्या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले, मग ‘ख्रिस्ती’ लिहिलं. आजोबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. आजीनेच मला नंतर सांगितलं, ‘आज तुझा बाप ख्रिस्ती झाला बघ.’ आणि हेही सांगितलं की धाकट्या आजोबांच्या घराला मी कधी कमी लेखलेलं तिला चालणार नाही. त्यांच्या घरी रोज रात्री प्रार्थना व्हायची, पोरांना ओळीने बसवून. ते तिने पाहिलं होतं.

आजीचं स्वतःचं सांगायचं राहिलं. आजोबांनी पगारातून पै पै साठवून कालव्याच्या पाण्याखालचा दोन एकरांचा तुकडा घेतला होता. व्यवहार भाऊबंदांपैकी एकावर विश्वास टाकून झाला आणि कागद त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला. मग कोर्टात दावा उभा राहिला. तो माणूस चर्चमध्ये आमच्याच पुढच्या बाकावर बसायचा. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या ऋण्यांना ऋण सोडल्याची जी ओळ आहे, तिथे आजी गप्प व्हायची. आधीचं म्हणायची, नंतरचं म्हणायची, तेवढी ओळ सोडायची. मी शेजारी उभा असल्यामुळे मला ती फट ऐकू यायची. पाळकांच्याही लक्षात आलं. त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, ‘देवासमोर उभं राहून खोटं कसं म्हणू? सोडलं की म्हणीन.’

ते एका दिवसात झालं नाही. आधी तिने नळावर त्याच्याबद्दल बोलणं बंद केलं. दुसऱ्या बायकांनी विषय काढला की घागर उचलून निघायची. मग त्याच्या बायकोला विषमज्वर झाला. आजी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिली आणि तिसऱ्या दिवशी पेज घेऊन त्याच्या दारात गेली. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला, बोलला नाही. ती रोज जात राहिली. त्याने जमिनीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, माफी तर दूरच. पावसाळा संपता संपता एका रविवारी मला शेजारून ती ओळ ऐकू आली, सावकाश, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी. मी वळून पाहिलं तर तिने कोपराने मला ढोसलं, समोर बघ म्हणून.

घरी येताना मी विचारलं, ‘आजी, मग आता दावा मागे घेणार?’

‘का म्हणून?’ ती म्हणाली. ‘जमीन तुझ्या आजोबांच्या घामाची आहे. ती न्यायाधीश बघेल. माझ्या मनातलं मला बघायचं होतं.’ पुढच्या तारखेला ती नेवाशाच्या कोर्टात वेळेवर हजर होती. जाताना एस.टी.त तो माणूस भेटला, तेव्हा तिने त्याला बायकोची तब्येत विचारली आणि सरकून बसायला जागा दिली.